शेवटची फेरी

माडग्याळच्या पुढं, मळ्यातल्या वस्तीवर
सिद्धव्वा तिसऱ्या वर्षी तीच उत्तरं देते.
शेळ्या दोन मिळाल्या. एक मेली.
पाण्याला जायला किती मिनिटं?
"कुणी मोजलंय?"
टॅबला आकडाच लागतो.
मी पंचवीस टाकतो.

जिनिव्हात कुणीतरी
पहिल्या फेरीच्या चाळिसातून हे पंचवीस वजा करील,
उरलेल्या पंधरांचा
निळा स्तंभ उभा राहील.

"मागल्या टायमाची पोरगी कुठाय?
सातवा होता तिला.
मुलगा झाला का मुलगी?"

मला माहीत नाही.
एकेचाळिसाव्या प्रश्नानंतर
थेट आभाराचं पान येतं.

उरलेल्या शेळीच्या दुधाचा चहा ठेवत
ती पुन्हा विचारते.
बॅटरी नऊ टक्के.
शेऱ्याच्या रकान्यात लिहितो:
मुलगा की मुलगी,
कळवणे.