उपाशीपोटी

सकाळी साडेसहाला शरणपूर रोडच्या लॅबचं शटर
अर्धंच वर करते मी,
तरी वाकून आत येतात माणसं
बारा तासांची उपाशी, चहाला पारखी.

सेंट्रिफ्यूज थांबतं.
भद्रकालीच्या मिसळवाल्याचं सीरम
साय कालवल्यासारखं गढूळ.
पण कचरू गांगुर्डे, महापालिकेचे व्हॉल्व्हमन,
अंगावर चिमूटभर मांस नाही,
त्यांचं नितळ, गवती चहाच्या रंगाचं.
आणि आकडा: एलडीएल दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"म्हणजे पाइप चोंदला," ते म्हणाले,
"पंचवटीच्या जुन्या लायनीत क्षार धरतात तसा."
मी हो म्हणणारच होते, सोपं पडतं.
पण ज्याचा जन्म पाइपात गेला
त्याला खोटं कशाला सांगायचं?

नाही काका, नुसता आतून थर नाही बसत.
भिंतीतच मुरतं ते.
रक्ताच्या बाजूला पेशींचं एकेरी अस्तर,
कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ.
त्यातून चरबीचे कण सरकतात, अडकतात,
खवट होतात.
पांढऱ्या पेशी गिळायला धावतात
आणि गिळून गिळून तिथेच फुगून बसतात,
नुसता फेस.
रक्त वाहत राहतं. काही दुखत नाही.
वर्षानुवर्षं.

"मग ओल म्हणा की," ते म्हणाले,
"रंग शाबूत, आणि एक दिवस गिलावाच ढासळतो."
हो. आणि रक्त धावतं भेग बुजवायला,
त्या बुजवण्यानेच वाट बंद होते.

गोदेला पूर आला की आम्ही सगळे
दुतोंड्या मारुतीकडे बघतो:
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं,
आता छातीला.
आत असा कुणी उभा नाही.
एक कागद, त्यावर एक आकडा.

ते कागद घडी घालत राहिले, उलगडत राहिले.
"थोरला एकेचाळिसाव्या वर्षी गेला.
व्हॉल्व्हची चावी हातातच होती.
लोक म्हणाले, नजर लागली."

आज परत आलेत, गोळ्यांची चिठ्ठी खिशात,
बरोबर हर्षाली, नववीतली,
कबड्डीचे बूट घालूनच आलेली.
सुईकडे न बघता
तक्त्यावरच्या हृदयाकडे बघत बसते.
नळी भरते, गडद,
कुणाच्याही रक्तासारखी.
मी नाव लिहिते. मशीन फिरू लागतं.

बाहेर बाकावर कचरूकाकांनी
बिस्किटांचा पुडा आधीच फोडून ठेवलाय.