दस्तगीर मिस्त्रींच्या निरोपाचं भाषण

उद्यमनगरात हळू कुणी बोलत नाही.
लेथ चालू, ग्राइंडर चालू, शेजारी पत्रा ठोकतोय,
त्यातनं ओरडायचं, ‘आण की रं तो अर्ध्या इंचाचा पाना!’
घरी आलो तरी मी आमटी मागतो
ती गल्लीला ऐकू जाते.
म्हणून सगळ्यांनी ठरवलं,
मिस्त्रींच्या निरोपाला सर्जेरावनं बोलायचं, त्याला आवाज हाय.

आवाज होता. भाषण नव्हतं.

तीन पानं लिहिली. ‘व्यासपीठावरील सन्माननीय’नं सुरुवात,
मधे दोन शेर, कुठल्या तरी पत्रिकेवरून उचललेले,
शेवटी ‘दोन शब्द संपवतो’.
पहाटे रंकाळ्यावर जाऊन पाण्याला ऐकवलं.
फिरायला आलेले एक म्हातारे थांबले,
काठी टेकून म्हणाले,
‘कुणाशी भांडण झालंय, पावणं?’

तेजलनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं.
‘बाबा, म्हणजे हा शब्द एकतीस वेळा.
आणि तुम्ही श्वास कधी घेता?’
ऐकलं मी माझं मलाच.
कुणीतरी परका माणूस
घाईघाईनं सामान गाडीत टाकत होता.

त्या रात्री झोप नाही. आठवत बसलो
पहिल्या दिवशी मिस्त्री काय म्हणाले होते.
मी हँडल जोरात फिरवलं, टूल तुटलं.
ते रागावले नाहीत. नवं टूल लावलं.
‘एकदम खोल जाऊ नको.
थोडं घे. मागं ये. मोज.
मग परत घे.’

आणि दुसरं म्हणजे (बत्तीसावं, तेजल, मोज)
मिस्त्रींचा डावा कान
पॉवर प्रेसनं नेला, उजवाही निम्माच राहिला.
तेव्हापासून त्यांच्याशी बोलायचं तर
समोर जायचं. हात पुसायचे.
तोंड उजेडाकडं करायचं.
एक गोष्ट सांगायची, एकच,
आणि त्यांच्या डोळ्यांत ती पोचेस्तोवर थांबायचं.
सव्वीस वर्षं मी हे रोज करत होतो
आणि मला वाटत होतं, मला बोलता येत नाही.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मिस्त्री,
डोक्यावर फेटा, मांडीवर नारळ, शाल घसरतेय.
मालकांचे मेहुणे बोलले, पंचवीस मिनिटं.
मिस्त्री हसत होते,
ऐकू न येणारा माणूस हसतो तसं, सगळ्यांना सारखं.

माझं नाव पुकारलं. पानं खिशात राहिली.
पाय लटपटत होते, ते लटपटू दिले.
माइकपासून एक पाऊल मागं आलो, उजेडात,
आणि पहिलं वाक्य
आवाजाशिवाय बोललो.
नुसत्या ओठांनी, त्यांच्याकडं बघून.

मिस्त्री खदखदून हसले. खरं हसले.
दोनशे माणसं खुर्चीत पुढं सरकली,
‘काय म्हणाला? काय म्हणाला?’
माझ्या आयुष्यात इतकी शांतता
चालू पंख्यांच्या हॉलमध्ये कधी झाली नव्हती.

मग माइकवर सांगितलं,
‘मी म्हटलं, चहा आला.
सव्वीस वर्षं रोज चारला मी यांना एवढंच सांगतोय.’

त्यानंतर एकच गोष्ट सांगितली.
चाळीस शाफ्ट मी बिघडवले होते, नवा होतो,
आणि हे मालकापुढं उभं राहून म्हणाले,
‘माप माझं चुकलं.’
एवढं सांगून थांबलो.
मोजलं.
मिस्त्री नारळाच्या शेंडीकडं बघत होते.
पुढचा कट घ्यायची गरज नव्हती.
खाली उतरलो.

चार मिनिटंही झाली नसतील.
मेहुणे म्हणाले, आटोपशीर होतं.

रात्री जेवताना आमटी मागितली.
सुलभा चुलीकडं तोंड करून होती.
‘काय? ऐकू येईना,’ म्हणाली,
आणि वळून
माझ्या तोंडाकडं बघत
थांबली.