कोणाच्या हातचं

फुंकणं बंद, डॉक्टर म्हणाले,
एक्स-रे उजेडाला धरून.
अठ्ठावीस वर्षं पलटणीच्या पाइप बँडात
गालांवर पगार घेतला मी,
आता नातवाचा फुगासुद्धा नको म्हणतात.

तेव्हा ट्रंकेच्या तळातून ती काढली,
लेबनॉनच्या चौकीवर एका आयरिश शिपायानं
निरोपाला दिलेली काळी नळी, सात भोकांची.
त्यांचा पाइप तोंडानं वाजतच नाही.
बसून वाजवतात. एका काखेत पिशवी,
दुसऱ्या कोपराखाली भाता.
दम्याचा माणूसही वाजवेल, तो हसून म्हणाला होता.
मला तेव्हा दमा नव्हता.

मुलीनं तिकडच्या कारागिराला पत्र लिहिलं.
उत्तर आलं: पूर्ण सेट एकाच हातचा घ्यावा,
एका लाकडातल्या नळ्या एकमेकींचं ऐकतात.
वाट बघायची यादी सहा वर्षांची.
आणि किंमत म्हणशील तर
तेवढ्यात ट्रॅक्टर येतोय, ट्रॉलीसकट.

गंगाराम कडोलकर, आमचा जुना ढोलवाला, म्हणाला,
चार गावची चाकं लावून गाडी पळते काय रे?
मी म्हटलं, पळायचंय कुणाला.
बसूनच वाजवायचं आहे की.

खानापूरचा मेस्त्री लाटणी करतो, पाळण्याचे खांब करतो.
शिसवीचे तीन तुकडे त्याच्यापुढं ठेवले.
आतून आरपार भोक पाहिजे म्हटल्यावर
तो बराच वेळ माझ्याकडेच बघत बसला.

अथणीच्या बाळव्वानं
पिशवीचा कागदी नमुना उलटा केला, सुलटा केला,
'इदु याव कालु?'
हा कुठला पाय.
पाय नव्हे गं, फुप्फुस, म्हटलं,
आणि छातीवर हात ठेवून दाखवलं.
मग तिनं काही विचारलं नाही.
शिवण दोनदा घातली.

उद्यमबागेत मैनुद्दीन पंपाचे व्हॉल्व्ह करतो.
वारा आत जावा, परत येऊ नये,
एवढंच की? म्हणाला,
आणि जेवणाच्या सुट्टीत करून दिलं,
वर तीन पितळी कड्या.
पैसे घेतले नाहीत. वाजलं की सांग, म्हणाला.

जीभ मात्र मीच केली,
मार्कंडेयच्या काठच्या बोरूची.
मराठी शाळेत टाक कापायचो तसाच तिरका काप,
फक्त शाईच्या जागी वारा.
अकरा फुटल्या. बारावी बोलली.

सगळं जुळवायला घेतलं तर काहीच बसेना.
मेस्त्रीची पट्टी इंचाची, मैनुद्दीनचं माप मिलिमीटरचं,
बाळव्वाचं वितीचं.
मधल्या फटी गोधडीच्या दोऱ्यानं भरल्या, मेण लावून.
कुठं सात वेढे, कुठं तेवीस.
पहिला आवाज आला तो अडलेल्या म्हशीचा.
हौसा चुलीपुढून उठून बघायला आली,
खरंच म्हैस असेल म्हणून.

दोन महिने तिन्ही नळ्या भांडत होत्या.
एक उतरायची, दुसरी चढायची,
मधली नुसती थरथरायची.
मग चैत्रातल्या एका कोरड्या संध्याकाळी
ती थरथर थांबली.
किती वेळ? दुधावर साय धरायलाही पुरला नसता.
पण मी कोपर हलवत होतो
आणि छाती स्वस्थ होती.

मैनुद्दीनला फोन लावला. तो म्हणाला, ऐकू येत नाही,
मशीन चालू आहे, पुन्हा वाजव.
तोवर मोठी नळी पुन्हा घसरली होती.

काळ्या नळीवर तिच्या कारागिराचा शिक्का आहे.
बाकी कशावर कुणाचं नाव नाही.
फक्त मोठ्या नळीच्या सांध्यावर, दोऱ्याखाली,
मेस्त्रीनं पेन्सिलीनं आकडे टाकलेत, कन्नड आकडे,
एक काटून दुसरा लिहिलेला.
मी ते पुसले नाहीत.

बुंध्याला अजून तीन भोकं आहेत,
त्यात ज्या नळ्या बसतात त्या इथं कुणाला जमेनात.
बूच मारून ठेवलीत.
मुलीला म्हटलं, त्या यादीत माझं नाव घाल.
सदुसष्टाव्या वर्षी नंबर येईल.