तिसरी प्रत

आधी पाणी.
ओंजळभर. टाकायचं, पुसायचं आणि थांबायचं.
चांगला दगड पाणी अंगाला लावून घेत नाही.
भुसभुशीत असला तर डाग रेंगाळतो
एक चहा संपेपर्यंत, कधी दोन.
आमच्या पेत्रोझावोद्स्कच्या वखारीत
ऑक्टोबरनंतर डाग पडायच्या आत पाणीच गोठतं,
म्हणून पाटी शेगडीजवळ ओढून आणायची.

मग ॲसिटोन, पांढरं फडकं.
मागे एकदा लांबच्या बंदरातून माल आला,
इतका काळा की कावळ्यानं लाजावं.
फडकं फिरवलं:
फडकं काळं, दगड राखाडी.
बावीस पाट्या परत धाडल्या मी.
मालक म्हणाला, तायसिया, मेलेल्यांना काय कळतंय?
म्हटलं, पावसाला कळतं.

मग हातोडी, लहान.
मडकं वाजवून घ्यावं तसं चारी कोपऱ्यांत वाजवायचं.
शाबूत दगड खणखणतो,
आणि आत कुठे तडा असेल तर
'बद्' म्हणून गप्प होतो,
घरातलं काही लपवणाऱ्या माणसासारखा.

शेवटी दिवा, दगडाला लगटून, आडवा.
केसाएवढी चीर त्या उजेडात दोरीएवढी दिसते.
दाणाही तेव्हाच बघायचा. दाणा बारीक हवा.
आमचा येर्मोलाय हिऱ्याच्या सुईनं टोचत टोचत
फोटोवरून चेहरा उतरवतो,
जिथे टोचलं तिथे पांढरा ठिपका.
दगड जितका काळा, तितका माणूस उजळ.
दाणा भरड असला की पापणी फाटते,
नाकाच्या शेंड्यावर अभ्रक चमकतं,
आणि विधवा आम्हाला विचारते, हा कोण?

एकतीस वर्षं झाली. वहीत तीनच रकाने:
पहिली प्रत, दुसरी, तिसरी.
तिसरी म्हणजे पायऱ्या, कुंपणाचे खांब, खडी.

मार्चमध्ये आर्व्हो लेम्पिनेन आला,
अंगाला माशांचा आणि डिझेलचा वास.
मी त्याला पहिल्या प्रतीच्या पाट्या दाखवल्या.
पाणी टाकलं, फडकं पुसलं,
हातोडी त्याच्याच हातात दिली.
त्यानं वाजवली नाही.
तो भिंतीकडे बघत होता,
जिथे मी बाद केलेली पाटी उलटी टेकवून ठेवली होती
आणि तिची झिलईची बाजू अर्धी दिसत होती.
वळवा म्हणाला.

तिच्यात वरून खाली एक पांढरी शीर,
मध्यावर फुटून दोन फाटे झालेली.
ही नाही, मी म्हटलं, ही खडीत जाणार.
त्यानं हातमोजा काढला,
शिरेवरून बोट खाली खाली नेलं,
फाट्यापाशी थांबला.
म्हणाला, ओनेगावरचा बर्फ असाच गेला होता.
इथून डावीकडे.
तिमो उजवीकडे वळला असता तर.

माझा धंदा सांगण्याचा आहे, म्हणून सांगितलं:
शिरेत पाणी मुरेल,
थंडीत फुगेल,
चाळीसाव्या हिवाळ्यापर्यंत पाटी दुभंगेल.
त्यानं मनाशी हिशेब केला. ओठ हलले.
चाळीस वर्षांनी तक्रार करायला कोण येणार आहे, म्हणाला,
आणि मग किमतीवरून पाऊण तास घासाघीस केली,
अगदी बाजारातल्यासारखी. मला बरं वाटलं.

चेहरा नको म्हणाला. येर्मोलायनं फक्त नाव कोरलं
आणि दोन तारखा, शिरेच्या डावीकडे.
उजवी बाजू कोरी ठेवायला सांगितली होती.

पाटी गाडीत चढली तेव्हा वही उघडली.
तिसरी प्रत, मी लिहिलं. तशीच होती ती.
मग सवयीनं मागे धावले,
ओंजळभर पाणी टाकलं,
पुसलं,
आणि गाडी सुरू असताना
आम्ही दोघं वाळायची वाट बघत उभे राहिलो.