दोन माणसं लागतील

क्लच दाबला की पाय थेट पत्र्याला टेकतो,
अंधारात जिना उतरताना
नसलेल्या पायरीवर पडावा, तसा.
मग गियर पडत नाही. पडलाच तर किंचाळत पडतो.
अठ्ठ्याहत्तर सालची कोरोला. रंग एकेकाळी मोहरीचा.

ऑक्टोबरात वरचा सिलिंडर बदलला.
नोव्हेंबरात खालचा.
डिसेंबरात संशय माझ्यावरच आला,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या
या डाव्या पायावर.
कुहमोत दुपारी तीनला रात्र होते.
गॅरेजच्या शेगडीत बर्चचं लाकूड तडतडतं
आणि मी पुस्तकाचं तेच पान तेलकट करत बसते:
‘नळीत हवा असल्यास काढून टाकावी.
दोन माणसं लागतील.’

किती सहज लिहितात.

एकटीनं करून पाहिलं.
पेडलला काठी, काठीला सीटचा टेकू,
बाटलीत नळीचं टोक, आणि मी
गाडीखाली, गाडीत, पुन्हा गाडीखाली.
बुडबुडे यायचे, थांबायचे, परत यायचे.
शेवटी काठी निसटली
आणि ब्रेक ऑइल कोपरापर्यंत बाहीत.

तौनोला फोन लावला. सहा वर्षांत पहिला.
बोटीच्या इंजिनावरून शब्दाला शब्द लागला होता,
इंजिन तेव्हापासून ताडपत्रीखाली.
मी म्हटलं, “क्लच.”
माझा भाऊ म्हणाला, “कधी येऊ?”

अंगाखाली घालायला स्वतःचा पुठ्ठा घेऊन आला,
जशी काही माझ्याकडे पुठ्ठ्यांची वानवा.
टोपी न काढता गाडीखाली सरकला.

“दाब.”
“धर.”
“सोड.”

तासभर एवढंच बोलला,
आणि तेही जमिनीच्या दिशेनं आलेलं.
“दाब.” “धर.” “सोड.”
आईच्या अंत्यविधीला सुद्धा
आम्ही इतकं बोललो नव्हतो.

मग, “थांब. परत दाब. सावकाश.”
बराच वेळ काहीच नाही.
“नळी फुगतेय, इर्मेली.
बेडकाच्या गळ्यासारखी.”

वीतभर रबर. बाहेरून धडधाकट, काळंभोर,
बाबांच्या वेळेपासून कुणी हात न लावलेलं.
मी लावलेला सगळा जोर
त्याच्या पोटात मावत होता,
पुढे पोचतच नव्हता.
दाबणाऱ्याला ते दिसत नाही.
त्यासाठी कुणीतरी खाली पडून बघावं लागतं.

नवी नळी यायला आठवडा.
“तोवर सीटा काढू,” तो म्हणाला, मी नाही.
कायानीच्या भंगारातून आणलेल्या, साबच्या,
ऐंशी युरोला जोडी, आत तापणाऱ्या तारा
आणि कुणाच्या तरी कुत्र्याचे पांढरे केस.
भोकं अर्थातच जुळेनात. चार बोटांचा फरक.
पट्टी कापली, वेल्डिंग केलं, पुन्हा कापली,
कारण मी उलटी मोजली होती. तो हसला नाही.
त्याचं हसणं मला ऐकू आलं.

जुन्या सीटखाली एक मार्कचं नाणं,
दगड झालेली साल्मियाकीची गोळी,
माशाचा चमचा-गळ, हूक गंजलेला.
“हा माझा.”
“असेल.”
त्यानं तो खिशात टाकला.

बाबांची सीट डावीकडे खचलेली होती,
खिडकीतून सिगरेट बाहेर धरून धरून.
तौनोनं ती बर्फात ठेवली आणि तिच्यावर बसून पाहिलं.
तोही डावीकडे कलला.
“टाकून देणार ही?”
टाकूनच देणार होते.
“बोटघरात जागा आहे,” म्हणाला,
आणि मी उत्तर द्यायच्या आत व्हॅनचं दार उघडलं.

या वेळी पुठ्ठ्यावर मी.
वरून त्याचा बूट, खाली माझा पाना.
“दाब,” मी म्हटलं. “धर. सोड.”
सातव्या खेपेला बाटलीत फक्त तेल.

तळ्याकाठच्या रस्त्यानं एक फेरी मारली.
उजवी सीट तापते, माझी नाही;
रिले बघावा लागेल.
“गरम आहे,” तौनो म्हणाला, काचेतून बाहेर बघत.
इंजिनाचं नाव कुणीच काढलं नाही.
मी दुसरा टाकला.
अजून थोडी कुरकुर आहे.
ती क्लचची नाही.