चाकाचा घेर

शरणपूरच्या गल्लीत, शमुवेल साळव्यांच्या शेडमध्ये
पपांची येझदी उभी आहे, हेडलाइट उघडून.
आत सात वायरी. तेलानं सगळ्यांचा रंग एकच झालेला.
मी अंबडला हार्नेस लाइनवर असते,
एका पाळीत चाळीस गाड्यांच्या नसा बांधते,
तरी या सातांपुढे हात थबकला.

जुन्या मीटरची काच पिवळी.
काटा शून्याखालच्या खुंटीला टेकून बसलेला.
आकडा एकसष्ट हजार चारशे सात,
आणि तो शेवटचा सात अर्धा वर सरकलेला.
आठ व्हायच्या आत केबल तुटली.
साल चौऱ्याण्णव.

त्यानंतर पपांनी तेरा वर्षं चालवली हीच गाडी.
केबल टाकली नाही.
प्रेसमध्ये दिवसभर नोटा मोजायच्या,
एक कमी भरली तर पाळीच्या पाळी गेटाआत थांबून राही.
"घरी आलो की मी काही मोजत नाही," म्हणायचे,
चपात्यासुद्धा.
"वेग त्याला सायलेन्सरवरून कळायचा," काका सांगतात,
"आणि साठाच्या वर तुझी आई पाठीत चिमटा काढायची."

नवं मीटर डबीएवढं, हलकं, बिनकाट्याचं.
सहा व्होल्टवर ते डोळाच उघडेना,
म्हणून डायनामो उतरवून बारा व्होल्टचा संच चढवला.
केबलच्या भोकात कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं;
काकांनी ते खिळ्यानं उकरलं,
आधी आत फुंकर मारून, कोणी आहे का ते बघून.
हबवर लोहचुंबकाचा मणी, फोर्कवर सेन्सर,
मध्ये दीड मिलिमीटर मोकळं.

मग मीटरनं विचारलं, चाकाचा घेर किती?
खडूची रेघ टायरवर, खडूची रेघ फरशीवर.
"वर बस," काका म्हणाले,
"रिकामी गाडी मोजू नये. माणूस बसला की टायर दबतो."
मी बसले. काकांनी एक फेरा ढकललं.
सतराशे ब्याण्णव.
टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले,
"तुझ्या बापाचा सतराशे ऐंशी भरला असता."

किक मारली, तोच दांडा वळवून गिअरचा केला,
आणि जागच्या जागी, स्टँडवर,
आकडा चढला: एकशे सत्त्याऐंशी!
चहावाल्या पोरानं किटली खाली ठेवली.
"पळतेय कुठं? ठिणगीचा कलकलाट ऐकतंय ते,"
म्हणत काकांनी प्लगची टोपी बदलली, रेझिस्टरवाली.
मग शून्य. गुमान.

शेवटचा प्रश्न:
आधीचे किलोमीटर टाका. एकदाच. पुन्हा बदलता येणार नाही.
मी घरी फोन लावला.
नाशिक रोडच्या पाळ्या, वणी, संगमनेरची माझी परीक्षा,
इगतपुरीच्या मावशीकडचे रविवार,
देवळालीच्या दवाखान्यातले ते दोन महिने:
किती होतील गं?
"टाक काहीतरी," आई म्हणाली,
"ते कुठं मोजून गेले?
आणि येताना गवार आण, कोवळी बघून."

मी एकसष्ट हजार चारशे सातच टाकले.
सातावरचं ते अर्धं टाकायला
बटणच नव्हतं.

जुनं मीटर काकांनी पेपरात गुंडाळून दिलं.
टूलबॉक्समध्ये पान्यांशेजारी ठेवलं;
खड्ड्यात गाडी गेली की वाजतं.

मायको सर्कलच्या अलीकडे आठ आला.
थांबावंसं वाटलं.
मागून सिटीलिंकची बस हॉर्न देत होती.
आवाजावरून चाळीस असावेत,
खाली बघितलं,
एकेचाळीस.