पातळ काप

नऊ दिवसांसाठी आइसलँडला गेली पोरं.
अकरा जण, दोन मॅडम आणि माझे सहा हातोडे.
हातोड्यांना लाल दोरा बांधून दिला मी,
विमानतळावरच्या पट्ट्यावर ओळखू यावेत म्हणून.
स्वेटर कँपातनं घेतलेले, लष्करी, कोपरावर ठिगळाचे.
मुबीननं डबाभर कुंदा नेला.
तिकडं त्याचा ग्रॅनाइट झाला, आल्यावर म्हणाला,
छिन्नीनं फोडून खाल्ला.

सत्तावीस वर्षं मी कॉलेजच्या तळमजल्यावर दगड कापतो.
हिऱ्याच्या पात्याची करवत, वर पाण्याची धार,
मग काचेवर कार्बोरंडम, आधी चारशे नंबर, मग आठशे,
गोल गोल, बोटांच्या टोकांनी,
दगडातून उजेड येईपर्यंत.
केसाच्या निम्म्याहून पातळ झाला की थांबायचं.
आणखी दोन फेरे मारले
तर काचेवर काही उरत नाही.

पाचव्या दिवशी शिवलीलाचा फोन आला, चित्रासकट.
निम्मे शब्द वाऱ्यानं खाल्ले.
"भरमाण्णा, इल्ली नोड्री!"
तिच्या मागं राखेनं मळलेलं बर्फ,
येळ्ळूरच्या डोंगराएवढं, आडवं झोपलेलं.
त्याच्या पायाशी काळा खडक
आणि खडकावर ओरखडे,
सगळे एकाच दिशेनं.

ह्या खुणा मला पाठ आहेत.
चारशे नंबरावर घाई केली
की माझ्या दगडावर अशाच पडतात.
"नुसतं बर्फ घासत नाही," देसूरकर मॅडम कुणाला तरी सांगत होत्या,
"त्याच्या पोटातले खडे घासतात."
म्हणजे कार्बोरंडम.
म्हणजे बर्फ माझ्याच धंद्यातलं निघालं की.
त्याच्या खालून निघालेली नदीही दाखवली पोरीनं,
राखाडी, दाट,
संध्याकाळी मी मोरीत ओततो तसलंच पाणी.
त्यांचं समुद्राला जातं.
माझं बळ्ळारी नाल्याला.

वाटेत एक पाटी होती, नुसतं साल लिहिलेली.
त्या साली बर्फ इथवर होतं.
आता पाटीपासून अर्धा तास चाललं की बर्फ लागतं.
पाटीवर आकडेच, अक्षर एक नाही,
म्हणून डांबर फासायला कुणी आलं नव्हतं.
मला हसू आलं,
मग नाही आलं.

आमच्याकडंही काळा दगड कुठंतरी थांबतो.
लाव्हा इथवर आला आणि दमला, असं मॅडम म्हणतात.
पुढं गोकाकच्या बाजूला तांबूस, वाळूचा दगड.
ती हद्द बघायला मी दोनदा सायकलनं गेलो.
सापडली नाही. ऊस होता.
एका बांधावर दोन्ही जातींचे दगड
एकमेकांवर रचलेले,
मधे मुंगूस.

शिवलीलानं माझ्यासाठी एक तुकडा आणला, मोज्यात गुंडाळून.
कापला, चिकटवला, घासला,
येळ्ळूरच्या कापाशेजारी ठेवला.
फेल्स्पारच्या त्याच पट्टेरी काड्या,
आडव्यातिडव्या, सांडलेल्या काडेपेटीसारख्या.
फक्त त्यांच्या दगडातले बुडबुडे अजून रिकामे.
आपले केव्हाच भरलेत,
पांढऱ्या बारीक सुयांनी,
साडेसहा कोटी वर्षं पाणी झिरपून.

"पुढच्या वर्षी तुम्ही चला," ती म्हणाली.
म्हटलं, पासपोर्टला बोटांचे ठसे लागतात ना,
माझं बोट रेशनच्या मशीनलाही पटत नाही,
दर महिन्याला बायको जाते.
तिनं गळ्यातलं भिंग काढलं,
माझा हात खिडकीकडं ओढला
आणि दगड बघतात तसं एक डोळा मिटून
तर्जनीचं टोक बघत बसली.
ओरखड्यांवरनं बर्फ कुठनं कुठं गेलं ते कळतं,
हे ती नुकतीच शिकून आली होती.

"इल्ली एनू इल्ल, भरमाण्णा.
काहीच नाही हो. गुळगुळीत."

आठशे नंबर, मी म्हणालो.